शिनोलीची निळी मोटारसायकल

जुन्नर

घरी आल्यापासून जो तो एकच विचारतोय. शिवनेरी बघितलास का? लेण्याद्री चढलीस का? भीमाशंकरला गर्दी होती का? शिवनेरी बघितला, लेण्याद्री चढले, आणि भीमाशंकरला मी पोचलेच नाही. का पोचले नाही ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे.

आधी माझी ओळख करून देते. मी इचलकरंजीची. आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दुकान काढलं आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं. लग्नानंतर मी त्यांचा डबा घेऊन जायची. डबा खाऊन होईपर्यंत बसायचं, बसल्या बसल्या एखादी वायर सोलून द्यायची, असं करता करता मी कधी वायरिंगला बसायला लागले ते दोघांनाही कळलं नाही. आता गिऱ्हाइकाशी गप्पा त्यांनी मारायच्या आणि गाडी मी उघडायची, अशी वाटणी आहे. पन्नाशी झाली तशी मला एकटीनं गाडीवरनं लांब कुठंतरी जाऊन यायची हुक्की आली. मुली म्हणाल्या, आई, काहीतरीच काय! मालक म्हणाले, "जाऊ दे गं तिला. तेवढंच दुकानात शांतता." त्या शांततेवर मी दोन दिवस बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी निघाले.

जुन्नरला पोचले तर थंडी अशी, की हातमोज्यातली बोटं माझी का दुसऱ्या कुणाची ते कळेना. आमच्याकडं थंडी म्हणजे काय, सकाळी मफलर गुंडाळायला मिळतो एवढंच. इथं गल्लीगल्लीत शेकोट्या, आणि शेकोटीभोवती बसलेला प्रत्येक माणूस मला विचारणार, "एकल्याच आलाय व्हय?" पहिल्यांदा मी नीट उत्तर दिलं. चौथ्या वेळेला म्हटलं, "न्हाई, मालक डिकीत हायत." ती शेकोटी मग इतकी हसली, की मला आपल्यातच बसवून घेऊन चहा पाजला.

जुन्नरात खायची ती मासवडी. नावात मासा असला तरी पूर्ण शाकाहारी. बेसनाच्या पोळीत खोबरं, तीळ, लसूण भरून गुंडाळी करायची, वड्या कापायच्या आणि झणझणीत रश्श्याबरोबर खायच्या. खाणावळीच्या बाईंनी आधीच बजावलं, "ताई, रस्सा जरा जपून." मी म्हटलं, आम्ही कोल्हापूरकडचे, आम्हाला काय सांगता! आणि वाटीच तोंडाला लावली. आमचा तांबडा रस्सा तोंडाला लागतो. हा गपचूप खाली उतरतो आणि मग कानातनं बाहेर येतो. बाईंनी ताकाचा तांब्या पुढं ठेवला. माझी फजिती बघून पलीकडच्या बाकावरची माणसं भिंतीकडं तोंड करून हसत होती, एवढी मात्र त्यांची रीत चांगली.

ओतूर

दुसऱ्या दिवशी ओतूरला गेले. बाजाराचं गाव, कांद्याच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो, कॉलेजची पोरं, एसटी स्टँडवर शेंगदाण्याच्या पुड्या. पण मला मेलीला सवय, माझी नजर माणसांआधी गाड्यांवर जाते. आणि बघते तर काय, दर दुसऱ्या मोटारसायकलला पुढं एक जास्तीचा दिवा बसवलेला! कुणाला एक, कुणाला दोन, एकाला तर हँडलवर लग्नाच्या मांडवासारखी लाइटिंग.

तिथं एक कांदेवाले भाऊ गाडीवर टेकून उभे होते. त्यांना विचारलं, ही काय हौस म्हणायची?

"हौस नाय ताई, बिबट्या," ते म्हणाले. "आमच्याकडं ऊस लई. उसात त्यो ऱ्हातो. आता ऊसतोड चालू झाली, मंग बिचारा जाणार कुठं? रस्त्यावर येतो. लाइट पायजे मोठी, न् हॉर्न पायजे मोठा. उजेड दिसला की त्यो बाजूला व्हतो. वाईट नाय तसा."

शेवटचं वाक्य त्यांनी शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं म्हटलं. आमच्याकडं पंचगंगेला मगर आहे, लोक तिच्याबद्दलही असंच बोलतात, म्हणून मला ते परकं वाटलं नाही. मात्र त्यांच्या जास्तीच्या दिव्याची वायर त्यांनी थेट बॅटरीवरनं, फ्यूजशिवाय घेतली होती, ते बघून माझा जीव खालीवर झाला. ती मी तिथल्या तिथं काढून नीट जोडून दिली. त्यांनी त्याबद्दल कांद्याची गोणी द्यायला काढली. गाडीवर कांद्याची गोणी घेऊन मी भीमाशंकरला कशी जाणार हे त्यांना पटवायला दिवा जोडण्यापेक्षा जास्त वेळ गेला.

घोडेगाव

घोडेगावात मी फक्त चहाला थांबले होते, हे मी शपथेवर सांगते. तालुक्याचं गाव, कचेऱ्या, हातात कागद घेतलेली माणसं, वरच्या डोंगरातल्या गावांना जाणाऱ्या गाड्यांची वाट बघणाऱ्या बाया. टपरीवर कप हातात घेतला आणि समोरनं ती निळी मोटारसायकल आली.

चालवत होती पंचविशीची एक मुलगी. गाडी जुनी, पण असली रंगवलेली, की मी चहा प्यायचं विसरले. गडद निळा ऑइलपेंट, टाकीवर पांढरं चक्र, त्याच्या खाली सावली दिलेल्या अक्षरात 'जय भीम', बाजूला पिंपळाची पानं, पानांच्या शिरासुद्धा काढलेल्या. मुलीनं टपरीपाशी ब्रेक दाबला. मागचा लाल दिवा लागायच्या ऐवजी चारी साइडलाइट, म्हणजे वळायचे इंडिकेटर, मिणमिणायला लागले! तिनं हॉर्न वाजवला, तर हॉर्न कण्हला आणि हेडलाइटनं मान टाकली.

"अगं ए पोरी," मी ओरडले, "तुझ्या गाडीचं अर्थिंग गेलंय!"

ती दचकली. मग खाली उतरून माझ्याकडं असं बघायला लागली, की जणू मी तिच्या मनातलं ओळखलं. नाव प्रज्ञा. नर्सिंग शिकलेली. वरच्या डोंगरातल्या उपकेंद्रावर तिची सिस्टर म्हणून नेमणूक झाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. तो दिवस शनिवार.

"एसटी मोठ्या रस्त्यानं जाते मावशी," ती म्हणाली. "पण लसीकरणाला वाडीवाडीत जावं लागतं. तिथं गाडीशिवाय भागत नाही. आणि आई म्हणते, लाइटचा भरवसा नाही तोवर घाटात गाडी न्यायची नाही. बॅटरी बदलून झाली, फ्लॅशर बदलला, हॉर्न बदलला. दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले."

"दोघांनी अर्थिंग तपासलं न्हाई?"

तिनं खाली बघितलं. "आप्पा हात लावू देत नाहीत. रंग जातो म्हणतात."

असली अट मी आजवर ऐकली नव्हती. डॉक्टरला बोलवायचं आणि म्हणायचं, सदरा काढणार नाही, वरनंच तपासा. मी चहा एका घोटात संपवला आणि विचारलं, "घर कुठं तुझं?"

शिनोली

घर शिनोलीत, भीमाशंकरच्याच रस्त्यावर. म्हणजे माझी वाट काही चुकली नव्हती. अंगणात शिरल्या शिरल्या निळ्या गाडीची सगळी हकीगत समोर उभी राहिली. दारावर, खिडकीवर, पाण्याच्या टाकीवर, जिथं म्हणून रंग लागतो तिथं देखणी अक्षरं. प्रज्ञाचे आप्पा, म्हणजे वडील, भिकाजीदादा पेंटर. ओतूरपासून घोडेगावापर्यंत दुकानांचे बोर्ड एकेकाळी त्यांच्याच हातचे. फ्लेक्स आले आणि काम कमी झालं, तरी दरवर्षी जयंतीच्या आधी ते ह्या गाडीला नवा हात द्यायचे आणि मिरवणुकीत गाडी पुढं असायची. दोन वर्षांपूर्वी उजवा हात थरथरायला लागला. तेव्हापासून ब्रश नाही. गाडीवरचा हा रंग शेवटचा.

अंगणात बसलेल्या दादांना मी वाकून "जय भीम" म्हटलं. त्यांनीही म्हटलं, आणि लगेच मुद्द्यावर आले.

"ताई, तुमी पावण्या. जेवा, ऱ्हावा, काय पायजे ते मागा. फकस्त रंगाला हात न्हाई लावायचा."

मी म्हटलं, आधी दुखणं तरी बघू द्या. माझ्याकडं एक लांब वायर असते, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली. एक चिमटा बॅटरीच्या उण्या टोकाला लावला, दुसरा हेडलाइटमागच्या हिरव्या वायरीला. प्रज्ञाला म्हटलं, ब्रेक दाब. लाल दिवा फटकन लागला. हॉर्न दाब म्हटलं, तर हॉर्न असा ओरडला की कोंबड्या उडाल्या. चिमटा काढला, पुन्हा मिणमिण.

प्रज्ञाची आई, ताराबाई, पीठ मळता मळता हात तसेच घेऊन बाहेर आल्या. "म्हंजी काय झालंय हिला?"

मी आमच्या दुकानात सांगते तसं सांगितलं. वीज बॅटरीतनं निघते, दिव्यात जाते, आणि परत घरी येते ती गाडीच्या लोखंडातनं. ती परतीची वाट बंद झाली, की ती भलत्याच दिव्याच्या दारानं घरी यायला बघते. म्हणून ब्रेक दाबला की साइडलाइट. आता ही हिरवी वायर गाडीच्या लोखंडाला जिथं स्क्रूनं आवळलेली असते, तिथं वायर आणि लोखंड ह्यांच्या मधे रंग गेलाय. पेंटरला उघडं लोखंड बघवत नाही. दादांना विचारलं तर कळलं, दरवर्षी स्क्रू सैल करून, वायर उचलून, त्यांनी खाली रंग दिला होता आणि मग वर!

"सैल करून?" ताराबाईंनी कपाळावर हात मारला. पीठ कपाळाला लागलं.

"काम कसं सफाईचं पायजे," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडा अभिमानच होता, आणि खरं सांगते, मला तो आवडला.

"मग ही तुमची वायर अशीच ठेवली तर?" प्रज्ञानं विचारलं.

"दिवे लागतील, पण चार्जिंगची परतीची वाट त्याच स्क्रूवरनं हाय. बॅटरी चार दिवसांत थंड. आणि ती घाटातच थंड व्हणार, दारात न्हाई."

मग तो स्क्रू शोधला. हँडलखाली, चासीच्या मानेला. आणि तो सापडल्यावर मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. त्या जागी दादांनी एक कमळ काढलं होतं. तळहाताएवढं, पांढऱ्या पाकळ्या, टोकाला गुलाबी छटा. आणि कमळाच्या मधोमध पिवळा गाभा म्हणून वापरलं होतं ते स्क्रूचं डोकं. फुलीच्या खाचेत पिवळा रंग गच्च भरलेला.

"ही पास झाली तवा काढलं," दादा म्हणाले. "हात तवा बरा व्हता. आता असं व्हनार न्हाई माझ्याच्यानं."

मी हत्यारं पिशवीत भरायला लागले. पण ताराबाई भरू देणाऱ्यातल्या नव्हत्या.

"कमळाचं नाव कशाला म्होरं करताय?" त्या दादांना म्हणाल्या. "पोरीला वर धाडायचं न्हाई, ह्ये सांगा की सरळ. लाइट दुरुस्त झाली तर ती जानार, म्हून लाइट दुरुस्त व्हऊ द्यायची न्हाई. मी काय येडी हाय का?"

 मग दादा म्हणाले, "व्हय. मला भ्या वाटतंय. एकलीच पोर, त्यो घाट, धुकं. मी गाडी चालवायचो तवा मला म्हाईत व्हतं काय हाय त्ये. आता मला चालवता येत न्हाई, न् ती जानार."

प्रज्ञा त्यांच्या समोर येऊन उभी राहिली. रडेल असं मला वाटलं होतं. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"आप्पा, लाइट झाली तर गाडीनं जाईन. नाही झाली तर एसटीनं जाईन आणि पुढं चालेन. वाडीवाडीला चालत जाईन. पण सोमवारी मी जाणार आहे. तुम्ही बोर्ड रंगवायला शिडीवर चढायचात, तेव्हा आईला काय भीती वाटत नव्हती का?"

दादा उठले आणि टोपी घालून रस्त्याकडं चालते झाले. ताराबाईंनी मला बळंच बसवलं, बाजरीची भाकरी आणि सुकट वाढली. आमच्याकडं सुकटीत खोबरं घालतात, इथं नुसता कांदा आणि हिरवी मिरची. चव फक्कड होती. मी जेवता जेवता म्हटलं, सकाळी निघते मी. प्रज्ञानं मान हलवली. ताराबाई म्हणाल्या, "सकाळचं सकाळी."

रविवारी उठून बाहेर आले तर दादा निळ्या गाडीपाशी पोत्यावर बसलेले. समोर त्यांची जुनी रंगाची पेटी उघडी. हातात बारीक पातं.

"ताई, ह्या खाचंतला रंग काढल्याबिगर तुमचा स्क्रू ड्रायव्हर बसनार न्हाई," ते म्हणाले. माझ्याकडं न बघताच.

मी म्हटलं, द्या, मी काढते. "माझं हाय. मीच काढनार." आणि त्या थरथरत्या हातानं ते फुलीतला पिवळा रंग कोरायला लागले. पातं निसटायचं, पाकळीवर ओरखडा जायचा, ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचे आणि परत सुरुवात. माझा स्वभाव तापट, काम कुणी हळू करताना बघितलं की माझ्या हाताला खाज सुटते. मी दोन वेळा उठून विहिरीपर्यंत चक्कर मारून आले. तिसऱ्या वेळी परत आले तर खाच स्वच्छ.

आता माझी पाळी. आणि इथं मी घोळ घातला. जाम झालेल्या स्क्रूला आधी भिजत घालायचं, गरम करायचं, थोपटायचं, हे मी दुकानातल्या पोरांना रोज ओरडून सांगते. पण मघापासून दाबून धरलेला उतावीळपणा एकदम हातात आला. स्टार स्क्रू ड्रायव्हर घातला, जोर लावला, पिळला. खर्रकन घसरला. स्क्रूच्या डोक्याची फुली गेली, तिथं गोल वाटी झाली.

"आगं आई गं!" मी म्हटलं. पाकळी तर ओरखडलीच होती, आता स्क्रूही गेला. मी दादांच्या तोंडाकडं बघू शकले नाही. 

दादा वाकले, डोळे बारीक करून स्क्रू बघितला, मग माझ्याकडचा तेलाचा डबा बघितला. "ताई, तेलानं नाय व्हायचं. गंज असता तर तेल चाललं असतं. ह्याला रंगानं धरलंय. मीच दिलेला रंग, मला म्हाईत हाय किती आत गेला असंल." त्यांनी पेटीतनं थिनरची बाटली काढली, कापसाची वात वळली, थिनरमध्ये बुडवून स्क्रूच्या मानेभोवती गुंडाळली. "आता चहा घेऊ."

मी पुढचं माझ्याकडनं घातलं. चहा झाल्यावर थिनर पुसून, वाळवून, बाटली लांब ठेवून, सोल्डरिंग आयर्ननं स्क्रूचं डोकं तापवलं. तापवायचं, गार होऊ द्यायचं, परत वात. वातीवर निळं पाणी सुटायला लागलं तसं दादा म्हणाले, "सुटतोय." मग मी बारीक छिन्नी घेतली, स्क्रूच्या कडेला तिरकी टेकवली आणि हातोडीनं हलके हलके ठोकायला लागले. आधी आवळायच्या बाजूला एक-दोन टोले, मग सोडायच्या बाजूला. हे लोकांना उलटं वाटतं, पण चिकटलेल्या स्क्रूला पहिल्यांदा हलवायचं असतं, कुठल्या का बाजूला असेना. प्रज्ञा टॉर्च धरून उभी. ताराबाईंची चूल विझली तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

टक्.

एवढासाच आवाज, पण चौघांनीही ऐकला. स्क्रू सुताएवढा फिरला होता. मग छिन्नी ठेवून पकडीनं धरला आणि हळूहळू काढला. वायरीची कडी उचलली तर खाली रंगाचे थर, एकावर एक. दादांनी बोट लावलं. "ह्यो ताराला बरं नव्हतं त्या सालचा. त्या साली रंग पातळ झाला व्हता." एवढंच म्हणाले आणि पॉलिश पेपर मागितला.

मी दिला. या खेपेला मी मधे पडले नाही. त्यांनी उजव्या हातानं पेपर धरला, तो थरथरता हात जागेवर टेकवला, आणि पेपर आपोआप भराभर चालायला लागला. दादा एकदम हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

"तारे, बघ गं! ल्ह्यायला न्हाई, पन घासायला ह्यो हात झ्याक हाय!"

ताराबाई हसल्या आणि पदरानं डोळे पुसले. निळ्याखालनं लोखंड पांढरं चकचकीत वर आलं. वायरीची कडी घासली, माझ्याकडचा नवा स्क्रू बसवला, वर बोटभर व्हॅसलीन फासलं म्हणजे पाणी जायला नको. दादांना दम दिला, "ह्या जागेला पुन्हा रंग लावाल तर इचलकरंजीहून येऊन भांडीन." ते म्हणाले, "भांडायला का व्हईना, या."

किक मारली. हेडलाइट लागला. हॉर्न दाबला, हेडलाइट हलला नाही. ब्रेक दाबला, लाल दिवा. साइडलाइट जिथल्या तिथं. प्रज्ञानं सगळी बटणं पुन्हा पुन्हा दाबून बघितली, आणि मग गाडीवर बसल्या बसल्याच तिनं माझ्या गळ्यात हात टाकला. गाडी पडता पडता वाचली.

वर, डोंगरात

सोमवारी सकाळी मी भीमाशंकरला निघायची तयारी केली होती, आणि प्रज्ञाही निघाली होती. वाट एकच, म्हटलं घाटापर्यंत सोबत होईल. ताराबाईंनी तिला डबा दिला, मला दिला, आणि आत गेल्या. दादा बाहेर आले ते धुवट सदरा, डोक्याला टोपी, पायात चपला घालून. सरळ निळ्या गाडीपाशी गेले आणि मागच्या सीटवर बसले.

"आप्पा?" प्रज्ञा म्हणाली.

"चल की. उशीर करू नगंस पयल्याच दिशी."

ह्या गाडीवर त्यांनी तिला शाळेत सोडलं होतं, कॉलेजला सोडलं होतं. मागं बसायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. हात कुठं ठेवायचे त्यांना कळेना. आधी मांडीवर ठेवले, मग सीटच्या कडेला धरलं, आणि गाडी हलली तसा एक हात तिच्या खांद्यावर गेला.

डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यावरनं धुकं उठत होतं. भातं काढून झालेली, खाचरं मोकळी, कडेला पेंढ्याच्या गंजी. आमच्याकडच्या सपाट उसाच्या रानातनं आलेल्या माणसाला हा डोंगर जवळ येताना बघून छातीत धडधडतं. पोखरीचा घाट लागला आणि धुकं दाट झालं. समोरचं काही दिसेना. दिसत होता फक्त निळ्या गाडीचा मागचा लाल दिवा. वळणावर ब्रेक दाबला की तो जोरात पेटायचा, सुटला की मंद व्हायचा. मी त्याच्या मागं मागं. एका वळणावर समोरनं एसटी आली. प्रज्ञानं हॉर्न दिला, हेडलाइट तसाच पेटलेला, एसटीवाल्यानं गाडी कडेला दाबली आणि प्रज्ञा आरामात निघून गेली. मी मात्र घाबरून थांबले, खोटं कशाला बोलू?

उपकेंद्रावर पोचलो तर दारात चार-पाच बाया आधीच बसलेल्या. एकीच्या मांडीवर तापानं फणफणलेलं लेकरू. प्रज्ञा गाडी लावते न लावते तोच ती बाई उठली. प्रज्ञानं हेल्मेट काढलं, लेकराच्या कपाळाला हात लावला आणि "आत चला" म्हणाली. आत गेली ती गेलीच. आमच्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही.

बाकीच्या बाया आमच्याकडं बघायला लागल्या. दादांनी टोपी नीट केली.

"माझी पोरगी हाय," ते म्हणाले. "सिस्टर. आजपासून हितंच."

एका म्हातारीनं विचारलं, "मागची सिस्टर येत नव्हती पावसाची. ही येनार का?"

"येनार," दादा म्हणाले. "गाडी हाय तिच्याकडं."

आम्ही बराच वेळ बाहेर पायरीवर बसलो. आतनं लेकराचं रडणं ऐकू येत होतं, मग कमी झालं, मग थांबलं. प्रज्ञाचा आवाज येत होता, औषध कसं द्यायचं ते समजावून सांगणारा, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, न चिडता. माझ्याच्यानं तिसऱ्यांदा झालं नसतं. दादा मान खाली घालून ऐकत होते. मग उठले.

"लागली कामाला," म्हणाले. "चला ताई. तुमाला भीमाशंकरला जायचंय, मी एसटीनं जातो खाली."

एसटी दुपारनंतर होती. त्या थंडीत त्यांना तिथं सोडून मला देवदर्शन गोड लागलं असतं का? म्हटलं, बसा माझ्या मागं, सोडते घरी. भीमाशंकर काय, जागचा हलत नाही; मला मात्र दुसऱ्या दिवशी दुकान गाठायचं होतं, तेव्हा ते पुढच्या खेपेला.

मला माझ्या चालवण्याचा भारी गर्व आहे. इचलकरंजीच्या बाजारातनं मी टेम्पोच्या आधी गाडी काढते. घाट उतरताना धुकं विरळ झालं होतं, रस्ता मोकळा होता, मी जरा मोकळी सोडली. दुसऱ्या वळणाला दादांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. काही दुखलं की काय, म्हणून मी मान वळवली.

"ताई, जरा दमानं," ते म्हणाले. "आमची पोरगी लई सरळ चालवती."

मी गियर कमी केला आणि शिनोलीपर्यंत त्यांच्या पोरीसारखी चालवत गेले.